अंगठा येत नाही

रेशन दुकानांत पॉस मशीन आली त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत मराठीत एक वाक्य तयार झालं, आणि ते इतकं रुळलं की त्यातलं विचित्रपण आता कुणाला खटकत नाही. ‘अंगठा येत नाही.’ कुठे ‘उठत नाही’ म्हणतात, कुठे ‘थम लागत नाही’. बाई काउंटरसमोर उभी असते, अंगठा तिच्या हाताला शाबूत असतो, ती तो काचेवर दाबून धरते, पुसते, पदराला घासते, पुन्हा धरते. तरी तो येत नाही.

‘येणे’ हे मराठीतलं मोठं सोयीचं क्रियापद आहे. पाऊस येत नाही, झोप येत नाही, असं आपण म्हणतो तेव्हा त्यात कुणाचा दोष नसतो. आणि इंग्रजी येत नाही, पोहता येत नाही, असं म्हणतो तेव्हा दोष आपला असतो, आपल्यात काहीतरी कमी असतं. अंगठ्याच्या वाक्यात या दोन्ही छटा एकदम आहेत. धान्य न मिळणं हे पावसासारखं कुणाच्याही हातात नसलेलं होऊन जातं, आणि शिवाय थोडं त्या बाईचंच उणं ठरतं. वाक्यात दुकानदार नाही, यंत्र नाही. ते यंत्र कुणाला कधी ‘हो’ म्हणेल हे ज्यांनी ठरवलं ते तर नाहीतच.

संगणकी तंत्रज्ञानाने रोजचं जगणं कसं बदललं यावर मराठीत आता पुष्कळ लिहिलं जातं. दिवाळी अंकांतून कृत्रिम बुद्धिमत्तेवर परिसंवाद असतात. मुलं मोबाइल सोडत नाहीत, नोकऱ्या जाणार, कवितेचं काय होणार, हे विषय वाईट नाहीत, पण ते लिहिणाऱ्या वर्गाचे आहेत. आपल्याला तंत्रज्ञान म्हणजे आपण वापरतो ती वस्तू वाटते. कंटाळा आला तर बंद करता येते अशी. ज्या माणसांवर तंत्रज्ञान वापरलं जातं त्यांचा अनुभव या लेखनात फारसा येत नाही. एरवी संगणकाशी संबंध न येणाऱ्या माणसालाही महिन्यातून एकदा ज्या संगणकासमोर उभं राहावंच लागतं, तो त्या काउंटरवरचा हातभर यंत्राचा डबा आहे. तेव्हा समीक्षा करायचीच तर आधी त्याची करू.

अंगठ्याला मराठीत जुना इतिहास आहे. त्याच्याही आधी निशाण्या होत्या. शिवकाळात आणि पेशवाईत गोतसभेत वाद मिटला की महजर लिहिला जाई, आणि त्याखाली लिहिता न येणारे वतनदार आपापल्या अवजाराचं चिन्ह काढत. पाटलाचा नांगर हे त्यांतलं सगळ्यांत ओळखीचं; सुतार, लोहार, चांभार यांचीही आपापली. ती चिन्हं माणूस एकटा असा ओळखावा म्हणून नव्हतीच. एका गावात दोन सुतार असतील तर दोघांची निशाणी जवळपास सारखी. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की मी इथे होतो, हे माझ्यादेखत ठरलं, मला मान्य आहे. ओळख पटवायला भोवती गाव बसलेलं होतं.

पुढे दस्तऐवजांवर ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ आला. त्याच्या शेजारी ज्याचा अंगठा त्याचं नाव, ज्याने लिहून दिलं त्याचं नाव, खाली साक्षीदार. अंगठा एकटा कधीच नसे. अर्थात हे चित्र गोड करून सांगायचं कारण नाही. सावकाराच्या खतावर, न वाचून दाखवलेल्या मजकुराखाली अंगठे उमटवून घेतले गेले आणि जमिनी गेल्या. ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी आपल्या भाषेत उगीच आलेली नाही. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांच्या घरांत घुसले तेव्हा त्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे. ते त्यांनी जाळले. त्या दंग्यांनंतर सरकारने १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, त्यातला एक उपाय आज आठवण्यासारखा आहे. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा, म्हणजे त्यात काय लिहिलंय ते त्याला कळल्याशिवाय निशाणी होऊ नये, अशी ती तरतूद होती. अंगठ्याचा गैरवापर होतो यावर त्या काळच्या वसाहती सरकारलाही सुचलेला इलाज म्हणजे मध्ये एक माणूस बसवणं.

पण त्याच सरकारच्या दुसऱ्या एका कचेरीत अंगठ्याचा दुसरा इतिहास सुरू झाला होता, आणि आजचं यंत्र त्या इतिहासातून आलेलं आहे. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर इथे विल्यम हर्शल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याचं सामान पुरवण्याच्या करारावर एका स्थानिक कंत्राटदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. उद्या हा माणूस ‘ही सही माझी नाहीच’ म्हणेल, तेव्हा त्याला आधीच धाक बसावा, एवढाच हेतू होता, असं हर्शलनेच पुढे लिहून ठेवलं आहे. १८७७मध्ये हुगळीला तो दंडाधिकारी असताना त्याने ठसे पद्धतशीर वापरायला घेतले, ते दस्तनोंदणीत, तुरुंगात आणि निवृत्तिवेतन देताना. पेन्शनर मेल्यावर त्याच्या नावाने दुसराच कुणी येऊन पैसे उचलतो, अशी शंका होती. १८९७मध्ये कोलकात्यात ठशांची कचेरी निघाली. तिथल्या वर्गीकरणाच्या पद्धतीला एडवर्ड हेन्री याचं नाव लागलं, तिच्यामागचं बरंचसं डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय फौजदारांचं होतं. १९०१मध्ये ही पद्धत लंडनला स्कॉटलंड यार्डात गेली.

या दुसऱ्या इतिहासात ठसा ही संमती नव्हती. समोरचा खोटं बोलणार हे गृहीत धरून त्याच्या शरीराला विचारलेला तो प्रश्न होता. दोन्हीकडे बोट तेच, शाई तीच, पण एका ठिकाणी माणूस काहीतरी सांगतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचं सांगणं बाजूला ठेवून त्याची कातडी वाचली जाते.

गांधींना हा फरक नेमका कळला होता. ट्रान्सवालमध्ये आशियाई लोकांनी बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी असा वटहुकूम निघाला, त्याविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ला जोहान्सबर्गमध्ये सभा झाली आणि तिथून सत्याग्रह सुरू झाला. जानेवारी १९०८मध्ये स्मट्सशी तडजोड झाल्यावर मात्र गांधी स्वतः दहा बोटांचे ठसे द्यायला निघाले, आणि ‘विकला गेलास’ या रागाने एका पठाणाने त्यांना वाटेत मारलं. गांधींचं म्हणणं असं की सक्तीने घेतला तर जो ठसा अपमान असतो, तोच आपल्या इच्छेने देता येतो. कायदा मागे घेतला गेला नाही तेव्हा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी ते दाखले जाळलेही. दाखला देणं आणि तो जाळणं या दोन्ही गोष्टी हातात असतील तर ती संमती. रेशनच्या रांगेतल्या बाईच्या हातात यांतलं काय आहे?

आधारची सुरुवात महाराष्ट्रात झाली. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातलं टेंभली हे गाव. २९ सप्टेंबर २०१०ला पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत तिथल्या आदिवासी माणसांना देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. जागा विचार करून निवडली होती. ज्याच्याजवळ कुठलाच कागद नाही, ज्याला कुठलीच कचेरी ओळखत नाही, त्याला त्याच्या शरीराच्या जोरावर ओळख मिळेल, असं ते वचन होतं. हे वचन खोटारडेपणाने दिलं होतं असं मला वाटत नाही. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला यांच्यामागे तहसिलीत चपला झिजवलेल्या माणसाला ‘तुझं बोट पुरेसं आहे’ हे ऐकून किती बरं वाटलं असेल ते समजू शकतं. अडचण अशी झाली की बोटही झिजतं.

यंत्र आत काय करतं ते थोडक्यात पाहू. लहानपणी आपण बोटांवर शंख किती आणि चक्रं किती ते मोजायचो. यंत्राला शंख-चक्रात फारसा रस नसतो. बोटावरच्या बारीक उंचवट्यांच्या रेषा कुठे तुटतात आणि कुठे दुभंगतात, ते बिंदू ते टिपतं आणि आधार क्रमांकाखाली साठवलेल्या नमुन्याशी ताडून बघतं. दोन ठसे कधीच हुबेहूब सारखे येत नाहीत, एकाच बोटाचेसुद्धा. दाब कमी-जास्त होतो, बोट तिरकं पडतं, घाम असतो, काच मळलेली असते. त्यामुळे जुळणीचं उत्तर मुळात ‘हो’ किंवा ‘नाही’ नसतं. ते गुणांत येतं. किती गुणांना पास म्हणायचं ते माणसांनी आधी ठरवलेलं असतं. पासाची रेषा वर नेली की दुसऱ्याच्या नावावर घुसणारे कमी होतात आणि खरे मालक जास्त नापास होतात. खाली आणली की उलट होतं. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी रेषा नसते. म्हणजे चोर आत येऊ नये म्हणून किती भल्या माणसांना बाहेर उभं करायचं, हा निर्णय त्या आकड्यात घेतलेला असतो. हा निर्णय राजकीय आहे. तो तंत्रज्ञांच्या खोलीत झाला आणि काउंटरवर ‘अंगठा येत नाही’ असा उतरला.

आणि नापास होणारे कोण, हे मुळीच योगायोगावर नाही. बोटाच्या रेषा झिजतात त्या चुन्याने, सिमेंटने, दगडाने, धुण्याच्या सोड्याने. घट्टे पडलेल्या, भेगाळलेल्या हातावर त्या नीट उमटत नाहीत. म्हातारपणी कातडी कोरडी आणि सैल होते, ठसा पुसट येतो. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका, ऊसतोडीला जाणारी जोडपी, गवंड्याच्या हाताखाली माल कालवणारे, चाळीस वर्षं लोकांची भांडी घासणाऱ्या बायका यांच्या बोटांनी काम केलं म्हणून ती बोटं ओळखू येत नाहीत. माझी बोटं कळफलकावर चालतात. माझा अंगठा नेहमी येतो.

आकड्यांबद्दल वाद आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. केंद्र सरकारच्याच २०१६-१७च्या आर्थिक पाहणी अहवालात वेगवेगळ्या अभ्यासांतले पडताळणी फसण्याचे अंदाज दिले होते: झारखंड ४९ टक्के, राजस्थान ३७, गुजरात ६, आंध्रचा कृष्णा जिल्हा ५. मार्च २०१८मध्ये प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात सादरीकरण केलं, तेव्हा सरकारी सेवांमध्ये पडताळणी यशस्वी होण्याचं प्रमाण सुमारे ८८ टक्के सांगितलं. त्याबरोबर हेही सांगितलं गेलं की पडताळणी फसली म्हणजे लाभ नाकारला असं नव्हे, दुसरे मार्ग असतात. ८८ हा परीक्षेत उत्तम आकडा आहे. पण गावातल्या शंभर माणसांची यादी घेऊन त्यातल्या बारांसमोर बोट ठेवलं की तो आकडा वेगळा दिसायला लागतो. शिवाय ते बारा जण दर महिन्याला बदलत नाहीत. झिजलेला अंगठा पुढच्या महिन्यातही झिजलेलाच असतो.

जुनं दुकान काही धर्मशाळा नव्हतं, हे इथे कबूल करायलाच हवं. दुकानदार मेलेल्यांच्या नावावर धान्य उचलत. गावात नसलेल्या कुटुंबांची कार्डं त्यांच्याच गल्ल्यात असत. ‘माल आलाच नाही’ हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या कानांत आहे. पिवळं कार्ड कुणाला आणि केशरी कुणाला, यावर गावच्या वजनदारांची छाप असे. यंत्राने एक गोष्ट खरोखर चांगली केली: कार्ड एका दुकानाला बांधलेलं राहिलं नाही. बीडचं कुटुंब कोल्हापूरकडे तोडीला गेलं तर तिथल्या दुकानात त्याला धान्य मागता येतं. दुकानदार उर्मट असेल तर शेजारच्या दुकानात जाता येतं. ही सोय लहान नाही, आणि आधारवर टीका करणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, ती घाईघाईत ओलांडून जाऊ नये.

पण चोरी कुठली होती आणि यंत्र कुठली पकडतं ते तपासायला नको का? अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य ठरलं आहे. दुकानदार चार देतो आणि पाच लिहितो, ही सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत जुनी चोरी. अंगठ्याने सिद्ध होतं ते एवढंच की ही बाई आली होती. तिच्या पिशवीत किती पडलं ते अंगठ्याला माहीत नसतं. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेज आणि रितिका खेरा हे वर्षानुवर्षं मांडत आले आहेत. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी झारखंडमध्ये मोठ्या प्रमाणावर तुलनात्मक अभ्यास केला, त्यातही नुसत्या अंगठ्याच्या पडताळणीने गळती कमी झाल्याचं दिसलं नाही, धान्य घ्यायला येणाऱ्यांचा त्रास आणि खर्च मात्र वाढला. म्हणजे कुलूप बसवलं ते समोरच्या दाराला, आणि माल जात होता मागून.

इथे मला रमेश इंगळे उत्रादकर यांच्या ‘निशाणी डावा अंगठा’ या कादंबरीची आठवण होते. साक्षरता अभियानावरची ती कादंबरी आणि तिच्यावर निघालेला चित्रपट बहुतेकांना ठाऊक आहे. शिक्षकांना माणसं साक्षर करायची असतात, वरून आकडे मागितले जातात, आणि हळूहळू सगळी यंत्रणा माणसं सोडून कागद साक्षर करायला लागते. आपण तिच्याकडे भ्रष्टाचाराची फजिती म्हणून पाहतो आणि हसतो. यंत्राची बाजू घेणारे म्हणतील, बघा, माणसांच्या हातात नोंद दिली की असं होतं. म्हणूनच नोंद यंत्राकडे द्या. मला त्या कादंबरीत आज दुसरंही काही दिसतं. तिथे खोटं बोलणारी माणसं आहेत. त्यांना नावं आहेत, बायकामुलं आहेत, वरच्या साहेबाची भीती आहे, लाजही आहे. ज्याला खोटं बोलताना लाज वाटते त्याच्याशी भांडता येतं. त्या कादंबरीचा विनोदच त्यावर उभा आहे. यंत्रावर अशी कादंबरी कशी लिहायची? त्यात खलनायक कुणाला करायचं? दुकानदार म्हणतो, ताई, मी काय करू, मशीन घेत नाही. तो खोटं बोलत नाहीये, हीच पंचाईत आहे. पुष्कळ दुकानदारांना ते स्वतःलाही अवघड जातं. सकाळपासून सर्व्हर नाही, रांग वाढते, शिव्या तो खातो. आणि ज्या दुकानदाराला खरोखर द्यायचं नसतं त्याच्या हातात आता इतकी सुंदर सबब आली आहे की तिच्यामागे तोही यंत्राइतकाच निष्पाप दिसतो.

जुन्या दुकानदाराचं ‘नाही’ हे माणसाने म्हटलेलं ‘नाही’ होतं. त्याच्या दारात बसता येत होतं, चार बायका गोळा करून तहसीलदाराकडे जाता येत होतं, ‘उद्या बघतो तुला’ म्हणता येत होतं. महाराष्ट्रात १९७२च्या दुष्काळात मोर्चे निघाले, कामं मागितली गेली, हजेरीपटावरच्या खोट्या नावांवरून भांडणं झाली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीमागे हे सगळं रेटणारी माणसं होती. खोटा हजेरीपट हाती धरून साहेबाला विचारता येत होतं, ही सही कुणाची. तो कागद खोटा होता, पण तो कागद होता.

आता हजेरीचंच पाहा. रोजगार हमीच्या कामांवर जानेवारी २०२३पासून सगळीकडे मोबाइल ॲपवर हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो काढून चढवायचे. रेंज नसेल तर खाडा पडण्याची भीती. हातात कुदळ घेऊन दिवसभर खणलेला खड्डा समोर दिसत असतो, पण खड्डा हा पुरावा नाही. ‘हजेरी’ या शब्दाला आपल्याकडे आणखी एक जुनी जखम आहे. १८७१च्या कायद्याने ज्या जमातींना गुन्हेगार ठरवलं, त्यांना पाटलाकडे किंवा चौकीवर हजेरी द्यावी लागे, आणि ठशांच्या नोंदींत ही माणसं आधी आली. १९५२मध्ये तो कायदा गेला. आजचा मजूर आणि तेव्हाचा पारधी यांची बरोबरी मी करत नाही. पण नेमक्या ठिकाणी, नेमक्या वेळी शरीर दाखवून आपण लबाड नसल्याचं सिद्ध करायचं, ही रीत कुठून आली हे त्या शब्दात अजून ऐकू येतं.

पेन्शनरांकडे तर भाषाच सगळं सांगून जाते. दर नोव्हेंबरात द्यायचा तो ‘हयातीचा दाखला’. पूर्वी बँकेत जाऊन साहेबासमोर उभं राहिलं की झालं. २०१४पासून तो अंगठ्यावर देता येतो, २०२१पासून चेहऱ्यावरही. घरबसल्या होतो, आणि ज्यांचा होतो त्यांना खरंच आराम आहे. माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, वय ऐंशीच्या पुढे. एका बँकेत त्यांचा अंगठा आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी शाखेतल्या एका मुलीने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, कागदी अर्ज भरून घेतला आणि काम झालं. बाई घरी येऊन म्हणाल्या, ‘दोन दिवस मी जिवंत आहे की नाही हे कुणी सांगेना.’ त्या हसत होत्या. त्यांना हसता आलं, कारण तिथे ती मुलगी होती, आणि त्या बाईंना अर्ज कुठे असतो ते माहीत होतं. हुगळीतल्या हर्शलची शंका दीडशे वर्षांनी अजून काउंटरवर उभी आहे: पेन्शन घ्यायला आलेला माणूस तोच आहे की मेलेल्याच्या नावावर आलेला दुसरा?

‘लाडकी बहीण’ योजनेत २०२४मध्ये दरमहा १५०० रुपये सुरू झाले तेव्हा अर्ज भराभर मंजूर झाले. सप्टेंबर २०२५मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, आणि तीत बाईच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली. विधवेने ओटीपी कुणाच्या मोबाइलवर मागवायचा? वडीलही गेले असतील तर? नवऱ्याने टाकलेल्या बाईने त्याला फोन करून सांगायचं का, तुला एक नंबर येईल तो मला सांग? पुढे त्यासाठी वेगळी वाट काढावी लागली आणि मुदत वाढवावी लागली. पण अर्जाचा तो रकाना ज्याने आखला त्याच्या मनातली बाई कशी होती ते त्या रकान्यात स्वच्छ दिसतं. संगणकाचा अर्ज म्हणजे समाजाबद्दलचं एक मत असतं. फरक एवढाच की या मताशी असहमती दाखवायला अर्जात जागा नसते. पांढऱ्या कागदावर समासात लिहिता येत होतं, ‘नवरा नांदवत नाही’.

न्यायालयाने हे सगळं ऐकलं होतं. २६ सप्टेंबर २०१८ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला. बहुमताने सरकारी लाभांसाठी आधारची अट ग्राह्य ठरली. पडताळणी फसली म्हणून कुणाही पात्र माणसाला लाभ नाकारला जाणार नाही, हे महान्यायवादींचं आश्वासन निकालात नोंदवून घेतलं गेलं. न्या. धनंजय चंद्रचूड यांचं मत विरोधी होतं, आणि माणसाचे हक्क यंत्राच्या शक्याशक्यतेवर टांगता येत नाहीत हा त्यातला धागा मला आजही सर्वांत वजनदार वाटतो. आश्वासनाबद्दल म्हणायचं तर त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०१७मध्ये, झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी मेली. आधारशी जोडलं नाही म्हणून घरचं रेशन कार्ड रद्द झालं होतं, आणि ती भुकेने गेली असं तिची आई सांगत होती. सरकारी बाजूने मृत्यूचं कारण मलेरिया असल्याचं सांगितलं गेलं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाने पत्रक काढलं की पडताळणी होत नसेल तर अपवाद म्हणून दुसऱ्या मार्गाने लाभ द्यावा आणि त्याची नोंद ठेवावी.

ही अपवादाची नोंद माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे. अंगठा जुळला की यंत्रातून पावती निघते: तारीख, वेळ, किती गहू, किती तांदूळ. अंगठा जुळला नाही तर दूर कुठेतरी सर्व्हरवर त्याची नोंद होते, तिला त्रुटी क्रमांकही असतो, शारीरिक माहिती जुळली नाही याचा ३००. बाईच्या हातात मात्र काहीच पडत नाही. ती आली होती, तीनदा बोट टेकवलं होतं, अर्धा दिवसाची मजुरी बुडवली होती, आणि रिकामी पिशवी घेऊन परत गेली, यातलं काहीही तिच्याजवळ कागदावर नसतं. अन्नसुरक्षा कायद्याच्या आठव्या कलमात लिहिलं आहे की हक्काचं धान्य मिळालं नाही तर राज्य सरकारने त्या माणसाला अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा. जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारीही नेमलेला असतो. त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं तर तो पहिला प्रश्न विचारणार, तुम्ही त्या दिवशी दुकानात गेला होता कशावरून?

ज्या कागदाच्या रिळावर गहू-तांदळाची पावती छापली जाते, त्याच रिळावर ‘आल्या होत्या, तीन वेळा प्रयत्न केला, जुळलं नाही, धान्य दिलं नाही’ एवढं छापायला नवं यंत्र लागत नाही. खाली दुकानदाराची सही, आणि शेजारी रांगेतल्या कुणाही एकीची, साक्षीदार म्हणून.